भाडेकरारातलं नाव

कमाल चौकात माझं टायपिंगचं दुकान होतं,
दोन कॉम्प्युटर, एक झेरॉक्स, पंखा एकच.
एप्रिलमध्ये तो आला
गजभिये काकूंच्या वरच्या खोलीचा करार करायला.
कंबोडियाहून पाली शिकायला आलेला पोरगा,
चोवीस-पंचवीसचा.
चपला बाहेर काढून आत शिरला.
दुकानात कोणी चपला काढत नाही.

नाव?
त्यानं सांगितलं आणि माझी बोटं थांबली.
परत म्हणाला, सावकाश,
आधी 'वे' आणि 'वी'च्या मधलं काहीतरी, मग आस्ना,
बशीत अलगद कप ठेवावा तसं.
कागदावर त्याच्या लिपीत लिहून दाखवलं,
अक्षरांच्या डोक्यांवर बारीक केस.
मी म्हटलं, पालीत सांग.
त्यानं सांगितलं.
मी टाइप केलं : वासना.

झेरॉक्सपाशी टेंभुर्णेचा प्रफुल फिस्सकन हसला.
"काहून बे, आडनाव काय, लालसा?"
अजून दोघं हसले.
तोही हसला, सगळे हसतायत म्हणून.

आता हे त्याला कसं सांगायचं.
मोडक्या हिंदीत म्हटलं, आमच्यात याचा अर्थ भूक.
पोटाची नाही.
त्यानं मान हलवली, परीक्षेतलं उत्तर चुकल्यासारखी,
मग म्हणाला, आमच्यात नशीब.

सीमेपलीकडच्या छावणीत जन्मला तो,
निळ्या प्लास्टिकच्या तंबूत.
आधीची तीन गेलेली.
हा चौथा रडला, तेव्हा शेजारची बाई म्हणाली,
याला वासना आहे.
तेच नाव राहिलं.
(हे वाक्य नागपुरात एखाद्या बारशाला म्हणून पाहा.)

तंबू, म्हणाला तो,
आणि मला चौथीचे बाई आठवल्या.
माझं नाव खेमा.
बापानं दीक्षाभूमीवर रुपयाला घेतलेल्या
पातळ पुस्तकातून काढलेलं, एका थेरीचं.
अर्थ सुखरूप, जिथं भय नाही ते.
बापाचं स्वतःचं नाव कचरू, ते त्यानं आम्हाला पुरू दिलं नाही.
पण बाई म्हणाल्या, खेमा म्हणजे तंबू गं,
आणि पाचवीपर्यंत मी तंबूच होते.
हे मी त्याला सांगितलं नाही.
सांगायला हवं होतं.

मग त्याला जुना अर्थ विचारला,
नशिबाच्याही आधीचा.
तो म्हणाला, "वास."
मराठीतला त्याचा पहिला शब्द असावा.
काकूंनी पुस्तकं ठेवायला संत्र्याची रिकामी पेटी दिली होती.
फळं कधीच विकली गेली,
तरी रात्री पान उलटलं की संत्रं येतं, म्हणाला.
तसं केलेलं सगळं जातं, वास तेवढा राहतो,
माणूस तोच घेऊन पुढच्या जन्मात उतरतो.
त्याच्या लोकांना त्यात नशीब दिसलं.
आमच्या लोकांना काय दिसलं, कोण जाणे.

मी बॅकस्पेस दाबत गेले.
'विआस्ना' केलं,
अर्थ नाही, हसू नाही, असं काहीतरी.
त्यानं बोट ठेवून वाचलं, ठीक म्हणाला,
सही मात्र आपल्या लिपीत केली, केसांसकट.
पानाचे पाच रुपये झाले. दहाची नोट दिली,
उरलेले घ्यायला विसरला.

काकूंनी ही भानगडच ठेवली नाही.
दोन वर्षं त्याला वासूच म्हणाल्या,
"वासू, कपडे काढ बाप्पा वरचे, धूळ आली."
तो जाताना त्याच रडल्या जास्त.

दुकान आता नाही, तिथं मोबाइलवाला बसतो.
दर उन्हाळ्यात मी माळ्यावरून कूलर काढते,
मागल्या सालच्या वाळ्याच्या ताट्या लावते,
पहिलं पाणी सोडते.
सुकून काडी झालेला वाळा
असा काही वास सोडतो,
की त्याचं नाव तोंडात येतं,
पुरं, पालीतलं.

मोठ्यानं म्हणते मी.
पण आधी मागं वळून पाहते
कोणी आहे का.